समुद्रातली बोट वैनगंगेकडे येताना

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते यथार्थ आहे. पूर्व विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले तलाव, आहेत. कोहळी समाजाच्या अनेक पिढ्यांनी उताराची अचूक पारख करून त्यांतले कितीतरी बांधले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते शासनाकडे आले आणि आजही ते धानाला पाणी देतात. या तलावांत मासे धरणाऱ्या, शिंगाडे लावणाऱ्या ढिवर समाजाला मोठ्या बोटीची गरज कधी भासली नाही. तलावाच्या एका पारीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर ती दुसऱ्या पारीवर ऐकू जाते. अशा पाण्यात लाकडी डोंगा आणि लांब बांबू एवढे साधन पुरते, आणि बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, तर तेही लागत नाही.

गोसीखुर्दने हे सगळे बदलले. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते ज्या धरणाची पायाभरणी झाली, त्याच्या 33 दरवाज्यांमागे आज वैनगंगेचे पाणी इतके पसरलेले आहे की, उन्हाळ्याच्या धुरकट हवेत पलीकडचा काठ दिसत नाही. ज्यांची घरे आणि धुरे या पाण्याखाली गेले, त्यांच्यातलेच अनेक जण आता याच पाण्यावर जाळी टाकतात. पाणी मोठे झाले, परंतु साधन तेच राहिले, आणि काही ठिकाणी तर ते पूर्वीपेक्षाही हलके झाले. थर्माकोलच्या तुकड्यांना पोते गुंडाळून केलेला तराफा किंवा ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बांधलेली फळी घेऊन माणसे या जलाशयात शिरतात. मे महिन्यात दुपार कलल्यावर अवकाळी वादळ उठले की, एरवी संथ वाटणाऱ्या या पाण्यावर कमरेएवढ्या लाटा येतात. तलावाच्या मापाचा डोंगा त्या लाटांपुढे टिकत नाही.

मी आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे हिशेब लिहितो. माझे वडील आणि आजोबा दोघेही डोंग्यावरचे. त्यामुळे मोठी बोट घेण्याचा विषय संस्थेच्या सभेत निघाला, तेव्हा तो माझ्यासाठी खर्चाच्या एका रकान्यापुरता नव्हता. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच परिवारातले 11 जण गेले. ती बातमी आमच्या गावात ज्या शांततेने वाचली गेली, ती मला आठवते. नावेवर रोज बसणारी माणसे अशी बातमी वाचताना नावेचा आकार किती होता आणि ती किती भरली होती, हेच आधी शोधतात.

नवी बोट घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना 60 टक्के अर्थसाहाय्य मिळत होते, परंतु उरलेली रक्कम उभी करणे हेच आमच्यासारख्या संस्थेचे मुख्य दुखणे असते. शिवाय जलाशयासाठी म्हणून आमच्या भागात मिळणाऱ्या फायबरच्या बोटी आखूड असतात आणि त्यांची कडही बुटकी असते. आम्हाला हवी होती 26 फूट लांबीची, उंच नाळेची म्हणजे उंच पुढच्या टोकाची, लाट कापणारी बोट. संकटाच्या वेळी दोन डोंगे मागे बांधून काठाला आणता येतील, अशी. अशा बोटी समुद्रावर असतात. म्हणून आम्ही रायगडच्या किनाऱ्याकडे पाहिले.

समुद्राकडची बोट पाहायला जाण्याची योग्य वेळ म्हणजे मे महिन्याचा शेवट. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्याच्या सुमारास बोटी पाण्याबाहेर ओढल्या जातात आणि पावसापूर्वी शाकारल्या जातात. पाण्यात तरंगणारी बोट विकत घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. तरंगणारी बोट आपला अर्धा भाग झाकून ठेवते, आणि जे पाहायचे असते ते नेमके त्याच अर्ध्यात असते. काठावर ओढलेल्या बोटीच्या पोटाखाली ताडपत्री अंथरून निजता येते, तिच्या कण्यावरून हात फिरवता येतो, जुने रंग खरवडून पाहता येतात. या वेळेचा तोटा इतकाच की, परतीचा रस्ता विदर्भाच्या ऐन उन्हातून जातो.

आमच्याबरोबर जे आबाजी आले होते, त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. फायबरच्या बोटीशीही त्यांचा फारसा संबंध आला नव्हता. परंतु डोंगा आतून सडला आहे की नाही, हे बोटाच्या पेराने ठोकून सांगण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नाही, आणि फायबरची परीक्षाही अखेर त्याच रीतीने होते. लहान हातोडीच्या लाकडी मुठीने बोटीचे अंग वीत-वीत अंतरावर ठोकत जायचे. चांगल्या जागी आवाज स्वच्छ आणि कडक येतो. जिथे काचेच्या धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा आतले लाकूड ओले होऊन मऊ पडले असेल, तिथे तो बसका येतो. सर्वांत काळजीपूर्वक पाहायची जागा म्हणजे इंजिन टांगतात ती मागची उभी फळी. बाहेरून ती फायबरची दिसली तरी आत बहुधा प्लायवूड असते, इंजिन बसवण्यासाठी पाडलेल्या भोकांतून तिथे पाणी झिरपते, आणि वर्षानुवर्षे इंजिनाचा जोर पेलताना ती आतून कुजते. इंजिनाचा खालचा पाय धरून वरखाली रेटला आणि फळी लवली, तर ती बोट कितीही स्वस्त असली तरी तिथून निघावे. पहिल्या दोन बोटींपाशी आबाजींनी फक्त मान हलवली. तिसऱ्या बोटीची मागची फळी त्यांनी तीनदा ठोकली, मग कान लावून पुन्हा ठोकली आणि म्हणाले, "हे घ्या लेकहो. हिचा आवाज भरीव हाये."

आवाज भरीव असला तरी बाकीची तपासणी टळत नाही. बोटीच्या पोटावर कुठे फोड आले आहेत का, हे उन्हाच्या तिरप्या प्रकाशात दिसते. बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी आत शिरले की असे फोड येतात आणि टोचल्यावर त्यांतून आंबूस वासाचा द्रव निघतो. एकाच बिंदूतून किरणांसारख्या पसरलेल्या बारीक भेगा असतील, तर त्या जागी कधीतरी आघात झालेला असतो. रंगाचा एखादा तुकडा बाकीच्या अंगापेक्षा ताजा असेल, तर तो का लावला, हे विचारावे आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. आमच्या विक्रेत्याने न विचारताच डाव्या बाजूची डागडुजी दाखवली, धक्क्याला बोट कशी घासली ते सांगितले, आणि त्या प्रामाणिकपणामुळे आमचा अर्धा निर्णय झाला. समुद्रातल्या मासेमारी नौकेच्या अंगावर "आयएनडी-एमएच" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहणे आणि नोंदणीचे काम विक्रेत्याच्या हजेरीतच मार्गी लावणे अत्यावश्यक आहे, कारण एकदा बोट नऊशे किलोमीटर दूर गेली की एका सहीसाठी परत येणे दोघांनाही जड जाते.

इंजिन पाहण्याचेही एक शहाणपण आहे. ते बादलीत किंवा पिंपात बुडवून सुरू करावे आणि मागच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार सलग पडते का, ते पाहावे. ही धार इंजिनाला थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची असते. ती तुटक असेल, तर आतल्या वाटा मिठाने चोंदल्या असण्याची शक्यता धरावी. मग खालच्या पेटीतले तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर सील गळते आहे आणि आत पाणी गेले आहे. आमच्या इंजिनाचे तेल काळसर पण स्वच्छ होते.

खाऱ्या पाण्यातली बोट गोड्या पाण्यात आणताना काय बदलते, हा प्रश्न सभेत अनेकांनी विचारला होता आणि त्याचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते. पहिली गोष्ट, बोट थोडी अधिक बुडते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे माणसे आणि जाळ्यांसकट दोन हजार किलो भरणारी बोट समुद्रात साधारण 1950 लिटर पाणी बाजूला सारून तरंगत असेल, तर गोसीखुर्दमध्ये तिला 2000 लिटर सारावे लागते. फरक दिसायला अल्प आहे, तथापि विक्रेत्याने समुद्रात दहा माणसे बसवली म्हणून आपणही दहा बसवू, हा हिशेब त्यामुळे चुकतो. दुसरी गोष्ट इंजिनाला जोडलेल्या जस्ताच्या तुकड्याची. हा तुकडा स्वतः झिजून इंजिनाचे ॲल्युमिनियम वाचवतो. गोड्या पाण्यात मात्र जस्तावर एक थर चढतो आणि त्याचे झिजणे, म्हणजेच त्याचे काम, थांबते. तिथे मॅग्नेशियमचा तुकडा लावावा लागतो. आम्ही तो बोट पाण्यात उतरण्याआधीच बदलला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. एका जलाशयातली बोट दुसऱ्या जलाशयात नेली की, तिच्या तळाशी साचलेल्या घोटभर पाण्यातून, दोराला चिकटलेल्या मुळ्यांतून, ट्रेलरच्या सांध्यात अडकलेल्या चिखलातून पहिल्या जलाशयाची वनस्पती आणि जीव दुसऱ्यात जातात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, आणि त्यावर पोसलेल्या जलपर्णीने गोसीखुर्दच्या मच्छीमारांना आधीच जेरीस आणले आहे. आणखी एखादी पीडा बाहेरून आणण्याची चैन आम्हाला परवडणारी नाही. या दृष्टीने समुद्रातली बोट दुसऱ्या धरणातल्या बोटीपेक्षा बरी ठरते, कारण खाऱ्या पाण्यातले बहुतेक जीव गोड्या पाण्यात तगत नाहीत. तिच्या पोटाला चिकटलेले शिंपल्यांसारखे कडक कवच तेवढे खरवडून काढावे लागते. तरीही आम्ही बोट आतून-बाहेरून धुतली, तळाचे बूच काढून तिला तिरके उभे केले आणि पूर्ण वाळू दिले.

आता ट्रेलरविषयी. अशी बोट ट्रकवर चढवून आणता आली असती आणि तो मार्ग कदाचित सोपाही होता. परंतु ट्रक बोट उतरवून निघून जातो आणि बोट काठावर राहते. गोसीखुर्दची पातळी वर्षभर एक नसते. पावसाळ्यात दरवाजे उघडतात, पाणी झपाट्याने वरखाली होते, आणि खुंट्याला बांधलेली जड बोट एक तर दोरासकट वाहून जाते किंवा पाणी ओसरल्यावर चिखलात कलंडते. तिला हवे तेव्हा बाहेर काढता आले पाहिजे, आणि पन्नास माणसे दोराला लावून ते दर वेळी होणार नाही. म्हणून चाकांवरचा गाडा बोटीइतकाच आवश्यक आहे, हे मी सभेत आग्रहाने मांडले आणि ते मान्य झाले. ट्रेलर आम्ही नागपुरात बनवून घेतला. त्याला दोन आस, चार चाके, एक जादा चाक, पुढे बोट ओढून घेण्यासाठी हाताने फिरवायची विंच, आणि बोटीच्या पोटाला टेकू देणाऱ्या दोन लांब लाकडी पट्ट्या होत्या, ज्यांवर जाड गालिचा ठोकलेला होता. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे, तेव्हा त्याची स्वतंत्र नोंदणी, मागचे दिवे आणि लाल परावर्तक यांत कसूर ठेवता येत नाही. रस्त्यावर 2.6 मीटरपेक्षा अधिक रुंदी चालत नाही. आमची बोट त्याच्या आत बसत होती, आणि बोट निवडतानाच आम्ही टेप लावून ते पाहिले होते.

किनाऱ्यावर बोट ट्रेलरवर घेण्याची रूढ रीत म्हणजे भरतीच्या वेळी ट्रेलर पाण्यात ढकलायचा आणि बोट त्यावर तरंगत आणायची. आम्ही ती टाळली. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी चाकांच्या बेअरिंगमध्ये खारे पाणी शिरू देणे धोक्याचे होते, म्हणून हायड्रा क्रेन लावून रुंद पट्ट्यांच्या झोळीत बोट उचलली आणि कोरड्या जमिनीवरच ट्रेलरवर ठेवली. क्रेनचे भाडे सभासदांपैकी काहींना खटकले. मला तो संपूर्ण व्यवहारातला सर्वांत योग्य खर्च वाटतो.

मग आम्ही ती धर्मकाट्यावर नेली. येताना रिकाम्या ट्रेलरचे वजन आम्ही करून ठेवलेच होते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनातून ते वजा केले की बोटीचे खरे वजन कळते. हा आकडा केवळ गाडी ओढण्यासाठी लागतो असे नाही. फायबरच्या बोटीच्या पोकळीत भरलेला फोम पाणी पितो, थरांमध्ये ओल मुरते, आणि डोळ्यांना किंवा हातोडीला न सापडलेली ही ओल वजनात दिसते. अपेक्षेपेक्षा दोनशे-तीनशे किलो जास्त भरणारी बोट आपल्या पोटात पाणी घेऊन आलेली असते. म्हणून शक्य असेल तर उरलेले पैसे धर्मकाट्याची चिठ्ठी हातात आल्यावरच द्यावेत. आमची बोट सांगितल्याप्रमाणेच भरली.

वजन कळल्यावर त्याची वाटणी पाहावी लागते. ट्रेलरचा पुढचा दांडा ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर किती भार टाकतो, यावर सारा प्रवास अवलंबून असतो. बोटीच्या ट्रेलरला हा भार एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के असावा. तो फार कमी झाला, म्हणजे बोट ट्रेलरवर मागे बसली, तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, प्रत्येक झोल आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर पुढच्या गाडीलाच उलटवतो. फार जास्त झाला, तर गाडीचे मागचे टोक दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. आम्ही धानाची पोती तोलायचा काटा गावाहून सोबत नेला होता. दांड्याखाली लाकडी ओंडका उभा करून तो काट्यावर टेकवला, तेव्हा भार कमी भरला. मागे टांगलेले इंजिन उतरवून ट्रकमध्ये ठेवल्यावर आणि बोट विंचने वीतभर पुढे ओढल्यावर तो दीडशे किलोच्या जवळ आला. इंजिन टांगलेले असताना खड्ड्याखड्ड्याला मागच्या फळीला हिसके बसतात, त्यामुळे ते उतरवणे तसेही हिताचेच होते.

बोटीला चार बाजूंनी रॅचेटचे पट्टे लावले. पट्टा जिथे कडेवरून वळतो, तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. नाळेला विंचच्या दोराखेरीज वेगळी साखळी बांधली, कारण विंचचा दोर ओढण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. ट्रेलर आणि ट्रक यांच्यामध्ये दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून ओवून लावल्या. हुक निसटलाच, तर दांडा जमिनीत न रुतता या फुलीवर पडतो. आत एकही सुटी वस्तू ठेवली नाही. ताडपत्री मात्र काढून टाकली, कारण वेगात तिच्यात वारा भरला की ती पट्टेही ढिले करते.

रस्त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, आणि तसे ते नसावे यासाठीच ही सगळी तयारी होती. पूर्वी या बाजूने नाशिकमार्गे वर चढायचे म्हणजे कसारा घाट चुकत नसे. आता समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापासून सुरू होतो आणि इगतपुरीजवळच्या सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यातून वर येतो, त्यामुळे घाटातला क्लच जाळणारा चढ आम्हाला लागला नाही. या 701 किलोमीटरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही, म्हणून ओढण्यासाठी छोटा ट्रक घेतला होता. चालकाने वेग साठच्या वर जाऊ दिला नाही. सरळ, मोकळा, सिमेंटचा रस्ता वेगाला बोलावतो आणि तापलेला टायर त्याची किंमत वसूल करतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. आम्ही दिवस चढल्यावर थांबत होतो आणि सायंकाळी उन्हाचा ताव उतरला की निघत होतो. पहिल्या चाळीस किलोमीटरनंतर आणि त्यापुढे प्रत्येक थांब्यावर चारही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहायचा, असा नियम होता. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नाही इतके तापले असेल, तर बेअरिंग जास्त आवळलेले आहे किंवा कोरडे पडले आहे, आणि पुढे गेल्यास चाक निखळू शकते. वाशीम जिल्हा मागे पडल्यावर मागचे डावे चाक इतरांपेक्षा गरम लागले. तिथेच थांबून ते उघडले, ग्रीस भरले, नट किंचित सैल केला, आणि पुढच्या थांब्यावर ते बाकीच्यांसारखे झाले.

नागपूर ओलांडून उमरेडच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होते. भिवापूरनंतर पवनीकडे वळताना रस्ता अरुंद होतो आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. गावात विजेच्या तारा खाली लोंबतात, आंब्याच्या फांद्या आडव्या येतात. एक जण सुक्या बांबूला उंचीची खूण करून पुढे चालत होता. पवनीच्या जुन्या तटबंदीच्या गावाला बाहेरूनच वळसा घातला. वाटेतल्या गावांमध्ये माणसे घरांतून बाहेर येऊन पाहत होती. एका म्हाताऱ्या बाईंनी ट्रक थांबवून विचारले, "बापा, एवढा मोठा डोंगा कोन्या नदीचा?" समुद्राचा, असे आमच्यातल्या एका मुलाने सांगितल्यावर त्या जवळ आल्या आणि त्यांनी बोटीच्या अंगाला हात लावून तो कपाळाला लावला.

काठावर पोहोचल्यावर सर्वांना बोट लगेच पाण्यात पाहायची होती, आणि ते स्वाभाविक होते. परंतु लांबून आलेल्या ट्रेलरची चाके तापलेली असतात. ती तशीच थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते आणि महिन्याभरात ते गंजते. म्हणून चाके निवेपर्यंत सगळे बाभळीखाली बसले. त्या वेळात तळाचे बूच लावले, दोघांनी वेगवेगळे तपासले, इंजिन परत टांगले. मग ट्रॅक्टर जोडून ट्रेलर उलटा घेतला. उलटे घेताना मागचे टोक डावीकडे न्यायचे तर स्टिअरिंग उजवीकडे वळवावे लागते, आणि ट्रॉली रोज मागे घेणाऱ्या आमच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंना त्यात काही शिकायचे नव्हते. उताराला टणक मुरूम आधीच टाकलेला होता. मागची चाके पाण्याखाली गेली, बोटीचे मागचे टोक उचलले गेले, आणि नाळेची साखळी सोडली. आबाजी आधी चढले. त्यांनी तळाची फळी उचलून आत हात घातला, कोरडा हात वर करून दाखवला, आणि मगच बाकीच्यांना बोलावले.

त्यानंतरचे काही महिने बोटीने आपले गुण आणि गरजा दोन्ही दाखवल्या. वाऱ्यात ती डोंग्यापेक्षा कितीतरी स्थिर राहते आणि झिंग्यांच्या हंगामात बर्फाची पेटी घेऊन दूरवर जाता येते. मात्र जलपर्णी तिच्या पंख्यात गुंतते आणि इंजिनाचे पाणी ओढण्याचे तोंड बुजवते. त्यामुळे पाण्याच्या धारेवर सतत लक्ष ठेवणारा एक माणूस मागे लागतोच, आणि हिरव्या थरातून जाताना इंजिन वर उचलून वल्ह्यांनी जावे लागते. उथळ काठाला, जिथे बुडालेल्या झाडांचे खोड उभे आहेत, तिथे अजूनही डोंगाच जातो. मोठी बोट त्याच्या जागी आलेली नाही. ती त्याच्या पाठीशी उभी आहे, आणि संस्थेने ती तशीच वापरावी, असे मला वाटते.

बोटीच्या दोन्ही अंगांवर आम्ही मोठ्या अक्षरांत "8 माणसे" असे रंगवून घेतले. ती याहून जास्त भार पेलू शकते, हे सर्वांना माहीत आहे. लग्नाच्या दिवसांत पलीकडच्या गावाला जाणारे लोक काठावर येऊन विनवतात, ओळखी काढतात, रागावतातही. झुंजची बातमी ज्यांनी वाचली होती, ते आमचे जुने सभासद अशा वेळी त्या रंगवलेल्या अक्षरांकडे बोट दाखवतात आणि दुसरी फेरी मारतात. लाइफ जॅकेट घालायला मात्र म्हातारी मंडळी अजून तयार होत नाहीत. पोहता येणाऱ्याला ते लाजिरवाणे वाटते. जॅकेट घातल्याशिवाय इंजिनाला दोरी लावायची नाही, असा ठराव मागच्या सभेत झाला आहे आणि तो पाळला जावा यासाठी मी स्वतः सकाळी काठावर जातो.

इटियाडोह धरणाच्या बाजूच्या एका संस्थेने मध्यंतरी आमचा ट्रेलर मागितला आहे. त्यांनाही किनाऱ्यावरून अशीच एक बोट आणायची आहे. ट्रेलर देण्यास आमची हरकत नाही. त्यांनी बोट धुऊन पूर्ण वाळवावी, परत येताना चारही बेअरिंगचे ग्रीस बदलावे, आणि बोट पसंत करायला जाताना आबाजींना सोबत न्यावे, एवढ्या तीन अटी मी पत्रात लिहून पाठवल्या आहेत. आबाजींनी होकार दिला आहे.